सुनेचा इंग्रजी निबंध

सरांना शाळेत सगळे 'प्रस्तावना सर' म्हणायचे आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. इंग्रजीचा तास सुरू झाला की आज काय शिकायचं, ते का शिकायचं, ते न शिकल्यामुळे आजवर कोणाकोणाचं कसं वाटोळं झालं, हे सांगण्यातच घंटा व्हायची आणि धडा उद्यावर जायचा. नमनालाच घडाभर तेल! पण गंमत बघा, स्वतः बोलताना जो माणूस कधी वेळेत मुद्द्यावर आला नाही, त्याला दुसऱ्याच्या निबंधात घोडं कुठे पेंड खातंय ते एका नजरेत कळायचं. निवृत्त झाल्यावरही पोरं वह्या घेऊन घरी यायची. सर नुसती पेन्सिल फिरवायचे आणि म्हणायचे, "हे तिसऱ्या पानावरचं वाक्य उचल आणि पहिल्या ओळीत आण. मग बाकीचं लिही." पोरं तसं करायची आणि पास व्हायची.

तर अशा माणसाच्या घरात त्याची सूनच इंग्रजी निबंधात नापास झाली.

सून मोठ्या रुग्णालयात सिस्टर होती. सरांचा मुलगा अपघातात गेला त्याला बरीच वर्षं झाली होती, सरांची बायको तर त्याच्याही आधी गेलेली. घरात उरले सर, सून आणि शाळकरी नात. सासऱ्याचं आणि सुनेचं चांगलं जमायचं. वाद झालाच तर सरांनी गोळी घेतली की नाही एवढ्यावरूनच. आता परदेशातल्या एका रुग्णालयाने सुनेला मुलाखत घेऊन पसंत केलं होतं, मुलीलाही सोबत आण म्हणाले होते. सासऱ्याला नेण्याची सोय मात्र त्यात नव्हती. अट एकच, इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, बोलणं झकास झालं आणि लिहिण्यात थोडक्यात घसरली. हिवाळा संपल्यावर पुन्हा एकदा बसता येणार होतं. तोवर ते लोक जागा राखून ठेवणार होते, त्यानंतर नाही.

"अप्पा, तुम्हीच शिकवा आता मला," ती म्हणाली. "घरात विहीर असताना मी बाहेर पाण्याला कशाला जाऊ?"

परीक्षेतला निबंध तिने आठवून आठवून पुन्हा लिहून काढला आणि सरांपुढे ठेवला. विषय होता, रुग्णांना भेटायला नातेवाइकांना दिवसभर येऊ द्यावं का? सरांनी पहिला परिच्छेद वाचला आणि त्यांची पेन्सिल थांबली. दुसरा वाचला, शेवटचा वाचला. व्याकरण स्वच्छ, शब्द नेमके. आणि तरीही हा निबंध कोणत्याच परीक्षकाने पास केला नसता.

कारण साधं होतं. सिस्टरबाईंनी निबंध लिहिलाच नव्हता, त्यांनी पाळी संपताना पुढच्या सिस्टरला सोपवतात तशी ड्यूटी सोपवली होती! बाळंतिणींच्या वॉर्डात नातेवाईक असे येतात. लहान मुलांच्या वॉर्डात तसे येतात. अतिदक्षता विभागात येतात, पण काचेबाहेर थांबतात. वॉर्डामागून वॉर्ड, खाटेमागून खाट, सगळ्यांना सारखी जागा, आणि शेवटच्या खाटेपाशी निबंध संपला. येऊ द्यावं की नको, यावर बाईंचं स्वतःचं म्हणणं काय, याचा कुठे पत्ता नाही. कसा असणार? तिचं अख्खं शिक्षणच तसं झालेलं. सिस्टरने जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहायचं, आणि रुग्ण जे तोंडाने बोलला ते लिहायचं. 'रुग्ण घाबरला आहे' अशी नोंद केली की मोठ्या सिस्टर कान उपटतात. 'मला भीती वाटते असे रुग्ण म्हणाला' अशी नोंद चालते. तो नुसताच थरथरत असेल तर थरथरतोय एवढंच लिही, त्याचा अर्थ लावायला तू कोण? वर्षानुवर्षं स्वतःचं मत कागदावर उतरू न देण्याची सवय केलेली बाई, आणि परीक्षकाला पहिल्या वाक्यात नेमकं तेच हवं होतं.

हे सरांना कळायला चहा गार होण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. एका वाक्यात सांगता आलं असतं. आधी तुझं मत ठरव, ते पहिल्या परिच्छेदात मांड, मग प्रत्येक परिच्छेदाला एकेक कारण दे. बस्स. एवढं ऐकून ती पुढच्या खेपेला डोळे मिटून पास झाली असती.

आणि मग घर रिकामं झालं असतं.

सरांनी मान वर करून पाहिलं. सून ओट्याशी उभी राहून त्यांच्याकडेच बघत होती. सर म्हणाले, "हं. म्हणजे तसं वाईट नाहीये. जोडशब्द कमी पडलेत. ते आपण बघू हळूहळू." झालं! पोटात एक आणि ओठात एक. आपल्या तोंडून हे वाक्य कसं गेलं याचं सरांना स्वतःलाच नवल वाटलं, पण गेलं खरं.

मग तो सबंध हिवाळा सरांनी सुनेला जीव तोडून शिकवलं. अहो, खरंच जीव तोडून! मोरओव्हर कुठे, फर्दरमोर कुठे, स्वल्पविराम कुठे, एकच विशेषण दोनदा आलं तर दुसरं कोणतं घ्यायचं. ड्यूटीवरून दमूनभागून आलेली ती बाई जेवणाचं टेबल पुसून वही मांडायची आणि सगळं निमूटपणे उतरवून घ्यायची. आणि निबंध? निबंध होता तिथेच. आता फक्त खाटांच्या मध्ये जोडशब्द आले होते. मोरओव्हर, लहान मुलांचा वॉर्ड. फर्दरमोर, बाळंतिणींचा वॉर्ड. सर वाचायचे, "सुधारणा आहे" म्हणायचे आणि दहापैकी सहा द्यायचे.

हे पाप एकाच माणसाच्या लक्षात आलं. ते म्हणजे शाळेतले जुने गणिताचे सर. संध्याकाळी बुद्धिबळाला यायचे. एकदा टेबलावर पडलेला सुनेचा निबंध त्यांनी सहज उचलून वाचला. इंग्रजीशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं, पण उदाहरण सोडवलंय आणि उत्तरच लिहिलेलं नाही, हे त्यांना कळणार नाही होय?

"काय रे, हिचं म्हणणं काय आहे ते लिहिलेलंच नाहीये की इथे," ते म्हणाले.

"त्याचं असं आहे," सरांनी सुरुवात केली, "निबंध हा प्रकार मुळात जर आपण पाहिला..."

"प्रस्तावना नको. तिला सांगितलंस का?"

 सरांनी घोडा उचलला, पुन्हा होता तिथेच ठेवला.

"लेका, चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना पास केलंस," गणिताचे सर म्हणाले, "आणि घरच्या पोरीला पद्धतशीर नापास करतोयस? जनाची नाही तर मनाची तरी ठेव."

"तू एकटा राहून बघ म्हणजे कळेल," सर तडकून म्हणाले. त्या दिवशी डाव अर्धाच राहिला. नंतर कितीतरी दिवस गणिताचे सर फिरकले नाहीत, आणि सरांनीही बोलावणं धाडलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

परीक्षा तोंडावर आली. सुनेच्या सुट्टीचा दिवस होता, भरदुपार. नात शाळेत गेलेली. सरांनी सरावाला विषय दिला होता, माणसाने कामासाठी घर सोडून दूर जावं का? विषय त्यांनी मुद्दाम काढला नव्हता, जुन्या प्रश्नपत्रिकेत तोच पुढे होता. निदान त्यांनी स्वतःची समजूत तशी घातली होती.

सून बराच वेळ कोऱ्या कागदासमोर बसली. मग तिने पेनला टोपण लावलं.

"अप्पा, मी नाव काढून घेते परीक्षेतून."

"का? काय झालं?"

"माझ्या डोक्यातच शिरत नाही. तुम्ही एवढं कळकळीने शिकवता. मी मेली दगडच. मागच्या वेळी वाटलं होतं नशीब आडवं आलं. पण आता तुमच्यासारख्या माणसाने शिकवूनही जर मला जमत नसेल, तर माझीच अक्कल कमी आहे, दुसरं काय? काल मोठ्या सिस्टरांना पण सांगून टाकलं. म्हटलं, आपल्याकडे नवा विभाग सुरू होतोय, त्यासाठी माझं नाव नका सुचवू, मला नाही झेपायचं."

सर चटका बसल्यासारखे उठून उभे राहिले. तिने जाऊ नये असं त्यांना वाटत होतं, हे खरं. पण तिने स्वतःला दगड समजावं? रात्रपाळीला सबंध वॉर्ड एकटीने सांभाळणारी बाई ही! बाप दगड म्हणतो म्हणून एक पोरगी पूर्वी त्यांच्या वर्गात अशीच रडली होती, तेव्हा ते तिच्या बापाशी भांडायला तिच्या घरी गेले होते. आता भांडायला कुणाच्या घरी जाणार? सरांना स्वतःची इतकी लाज वाटली की चेहरा लपवायला ते खिडकीकडे वळले.

"तुझी अक्कल कमी नाही," ते खिडकीकडे बघतच म्हणाले. "मी तुला शिकवलंच नाही."

"म्हणजे?"

"तुझ्या निबंधात तुझं मत नसतं. पहिल्या दिवशी वाचलं तेव्हाच कळलं मला. परीक्षक तेच शोधत असतो. तू काय मानतेस ते आधी सांगायचं, मग का ते सांगायचं. एवढंच आहे सगळं. ते सोडून तुला मी हिवाळाभर जोडशब्द शिकवत बसलो."

 सुनेने टेबलावरचे सगळे कागद गोळा केले, ती स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून भांडी आदळल्याचे आवाज यायला लागले. धुतलेली भांडी ती पुन्हा धूत होती. सर दारापर्यंत गेले, परत फिरले, पुन्हा गेले. शेवटी तीच बाहेर आली, ओल्या हातांनी.

"हिवाळाभर, अप्पा! पोरीला वेळ दिला नाही मी. पाय सुजायचे, तरी येऊन बसायचे मी. आणि तुम्ही दहापैकी सहा देत होतात!"

"हो."

"सहासुद्धा कशाला दिलेत मग?"

 सर खाली मान घालून खुर्चीत बसले. ती समोर बसली. तिचा राग दिसत होता आणि ती तो लपवतही नव्हती.

"पहिल्या दिवशी तुमची पेन्सिल पहिल्या परिच्छेदावर थांबली होती," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग पुन्हा खाली पाहिलंत. मी ते बघितलं होतं. तेव्हापासून तुमचं जेवण कमी झालंय, तेही बघितलं. बुद्धिबळ बंद झालं, तेही. पण अर्थ नाही लावला. रुग्ण स्वतः बोलत नाही तोवर आम्ही तसं लिहीत नाही, अप्पा. तुम्ही कधी बोललातच नाही."

सरांच्या जिभेवर नेहमीप्रमाणे सुरुवात आली होती, की त्याचं असं आहे, माणसाचं वय झालं म्हणजे. ती त्यांनी गिळली.

"तुम्ही दोघी जाऊ नये असं मला वाटतं," ते म्हणाले. "मला एकटं राहायची भीती वाटते."

बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं नाही, उलट उघडं पडल्यासारखं वाटलं. सुनेचे डोळे भरून आले. तिने ते पदराने पुसले, आणि भरल्या डोळ्यांनीच म्हणाली, "आणि मला जायचंय."

"मग लिही तसं."

"आत्ता?"

"आत्ताच. हाच विषय. पण आधी निबंध लिहायचा नाही, आराखडा करायचा. वर एक वाक्य, तुझं मत."

तिने लिहिलं. माणसाने जावं. सर म्हणाले, "'काही परिस्थितींत जाणे योग्य ठरू शकते' वगैरे काही नाही ना? छान. आता कारणं. प्रत्येकाला एक परिच्छेद आणि परिच्छेदाच्या तोंडाशी ते कारण एका वाक्यात. पूर्ण निबंध न वाचता नुसती ही वाक्यं वाचली तरी परीक्षकाला तुझं म्हणणं कळलं पाहिजे."

पहिलं कारण तिने भराभर लिहिलं, की जे काम येतं त्याला मोठं मैदान मिळतं. दुसरं मुलीच्या शिक्षणाचं. तिसऱ्याला ती अडखळली. पेन कागदावर टेकवलं, उचललं. मग एकदम लिहून टाकलं आणि कागद सरांकडे सरकवला. इथे प्रत्येक जण मला एका गेलेल्या माणसाची बायको म्हणून ओळखतो, तिथे मी नुसती मी असेन. सरांनी ते वाचलं. तो गेलेला माणूस त्यांचा मुलगा होता. वाक्याच्या टोकाला पूर्णविराम राहिला होता, तेवढा त्यांनी दिला.

"हे सगळ्यात बळकट आहे," ते म्हणाले. "हे शेवटी ठेव. आता राहिली समोरची बाजू."

"ती कशाला?"

"आपल्याविरुद्ध जे बोलता येतं ते आपणच आधी बोलायचं. प्रामाणिकपणे, मुद्दाम लेचंपेचं करून नाही. तरच वाचणारा विश्वास ठेवतो. आणि मग त्याला उत्तर द्यायचं."

"समोरच्या बाजूला काय लिहू?"

"मी समोरच बसलोय की," सर म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग लिहायला घेतलं. या वेळी पेन थांबेचना. अर्धं पान झालं, पान उलटलं. सर चहा करायला उठले, चहा करून आणला, तरी ती लिहीतच होती. शेवटी तिने कागद पुढे केला आणि स्वतः कप उचलून दुसरीकडे बघत बसली.

सरांनी वाचलं. घरी राहणारा म्हातारा माणूस समोर कोणी बसलं नाही तर जेवत नाही, उभ्याउभ्याच काहीतरी खातो. सकाळची गोळी तो रुमालात बांधून ठेवतो आणि घेतली म्हणून सांगतो. नातीचा अभ्यास घेताना त्याला येत असलेलं उत्तर तो मुद्दाम चुकवतो, म्हणजे ती हसते. मुलाच्या वाढदिवशी तो दिवसभर कोणाशी बोलत नाही आणि विचारलं तर घसा बसलाय म्हणतो. माझी बस येईपर्यंत तो खिडकीत उभा असतो, आणि मी कोपऱ्यावर दिसले की आत जाऊन वाचत असल्यासारखा बसतो.

सरांना चष्मा काढावा लागला. यातलं एकही वाक्य त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं. इतकी वर्षं या बाईने सगळं पाहिलं होतं आणि एका शब्दानेही बोलली नव्हती. आपल्याला कोणी एवढं बघत असेल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

निबंधही सरांना दिसत होता. सवयच ती, कुठे जाणार? हिने आजवर लिहिलेला हा सर्वांत चांगला परिच्छेद होता, आणि त्यानेच निबंध उलटा केला होता. वरची तिन्ही कारणं त्याच्यापुढे फिकी पडत होती. जो वाचेल तो म्हणेल, बाई गं, जाऊ नकोस. हा कागद असाच राहू दिला असता तर सरांना आणखी काही करायची गरजच नव्हती. ती परीक्षेतही असंच काहीतरी लिहिणार, आणि कदाचित परीक्षेला जाण्याआधीच तिचं मन बदलणार. आता लपवाछपवीही नव्हती. तिनेच लिहिलं होतं, आपल्या हाताने.

सरांनी लाल पेन्सिल घेतली.

"समोरच्या बाजूला एवढी जागा द्यायची नसते," ते म्हणाले आणि जेवणाचं वाक्य खोडलं. "हिचं मत डळमळीत आहे असं वाटतं परीक्षकाला." गोळीचं खोडलं. "हे फार बारीकसारीक आहे." नातीचं खोडलं. "हे विषयाला सोडून आहे." वाढदिवसाच्या वाक्यावर पेन्सिल जरा थबकली, मग तेही गेलं.

"अप्पा, सगळं खरं आहे ते," सून म्हणाली.

"खरं आहे म्हणून तर. एकच वाक्य पुरे. घरी राहणारा माणूस एकटा पडतो. प्रामाणिक आहे, आणि याला उत्तरही देता येतं."

आता खिडकीचं तेवढं वाक्य राहिलं होतं. सरांनी ते पुन्हा एकदा वाचलं, आणि त्याच्यावरून सरळ रेघ ओढली.

"हे दुसऱ्यांदा आलंय," ते म्हणाले.

आलं एकदाच होतं. सुनेलाही ते माहीत होतं.  तिने कागद आपल्याकडे ओढला आणि उत्तराचा परिच्छेद लिहायला घेतला.